मलई आणि पांढरा

सोलापूर
८ जानेवारी २०२५

सबिहा बेटी,

मामूची लाख दुवा. पत्र बघून हसशील, हसून घे. फोनच केला असता, पण फोन लागला की तुझी मुमानी तो माझ्या हातातून काढून घेते आणि मग लिंबाच्या लोणच्यापासून तुझ्या लग्नापर्यंत सगळं होतं, माझंच तेवढं राहतं. तू चार वर्षं आमच्या घरात राहून शिकलीस, तुला हे सांगायला नको.

काम असं आहे. तू तिकडं पुण्यात दिवसभर स्क्रीन तपासायचं काम करतेस ना? मग माझ्या स्क्रीनचं काय ते बघ. गुरुशांत मालकांनी कारखान्यात माझ्यासाठी नवा मोठा कॉम्प्युटर आणलाय. मला तर तो वैरी वाटतो. पांढरा भाग नुसता अंगावर येतो. तासाभरात डोळ्यांतून पाणी. अडतीस वर्षं मी चादरीची नक्षी काढतोय, आधी ग्राफ पेपरवर एकेक चौकोन पेन्सिलीनं भरून, आता माऊसनं. आजपर्यंत रंगात एक चूक नाही. आणि परवा काय व्हावं? मोराची चादर होती. जमीन पांढरी, मोर मलई रंगाचा. नमुना विणून आला, मालकांनी टेबलावर पसरला आणि म्हणाले, "इलाहीभाई, ह्यो मोर एका अंगानं मलई आन् एका अंगानं पांढरा, असं का हो?"

सगळ्यांसमोर बोलले. आवाज चढवला नाही, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, नव्या स्क्रीनचा दोष आहे. ते म्हणाले, "मग नीट करून घ्या की." तेव्हा सेटिंग सांग. लवकर सांग.

तुझा मामू
इलाहीबक्ष


पुणे
१४ जानेवारी २०२५

प्रिय मामू,

सलाम. तुमचं अक्षर बघून मला हॉस्टेलमधले दिवस आठवले. दर पंधरा दिवसांनी तुमचं कार्ड यायचं आणि कोपऱ्यात एक चौकोनी फूल काढलेलं असायचं. यात फूल नाही, म्हणजे राग खरा आहे.

आता ऐका. खिडकी तुमच्या पाठीमागं आहे का? असली तर स्क्रीन आडवी वळवा, काचेवर उजेड पडता कामा नये. ब्राइटनेस पूर्ण ठेवू नका. शेजारी एक कोरा कागद धरा आणि स्क्रीन कागदाइतकीच उजळ दिसेल एवढी ठेवा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, डोळ्यांना आराम म्हणून एक पिवळट फिल्टर असतो, तो आपोआप चालू होतो. वाचायला बरा, पण रंगाच्या कामाला विष. त्यात मलई आणि पांढरा एकच दिसणार. तुमची चूक नाही मामू, त्या फिल्टरची आहे. बंद करा.

आता माझं काम. सोबत कुरिअरनं एक टॅब पाठवतेय. आमच्याकडं अभ्यास चाललाय की माणसाला पांढऱ्या पानावर काळी अक्षरं जास्त नीट वाचता येतात की काळ्या पानावर पांढरी. बारा पानं आहेत, सहा अशी आणि सहा तशी. मोठ्यानं वाचायचं, मुमानींनी घड्याळ लावायचं आणि चुका मोजायच्या. शेवटी कुठलं जास्त आवडलं तेही लिहायचं. गंमत म्हणजे बहुतेकांना काळं पान आवडतं आणि वाचन मात्र पांढऱ्यावर जास्त चांगलं होतं. आवडतं एक, जमतं एक. तुमचं काय होतं ते बघू.

मुमानींना सांगा, लग्नाचं बघू.

तुमची
सबिहा


सोलापूर
२३ जानेवारी २०२५

सबिहा बेटी,

दुवा. टॅब मिळाला. तुझी परीक्षा दिली. घड्याळ मुमानीनंच लावलं. झीनतनं तर मास्तरीणबाईचा अवतार धरला होता, छडी तेवढी नव्हती. एका शब्दाला अडखळलो की "हं!" करून बोट दुमडायची. तक्ता सोबत जोडलाय.

मला विचारशील तर काळं पान. लई थंड. जणू माठातलं पाणी. पांढऱ्या पानावर अक्षरं आपली उजेडात विरघळून जातात, पकडायला गेलं की पळतात. मी मालकांच्या कॉम्प्युटरवरसुद्धा जे जे काळं करता येतं ते करून टाकलंय. तुझी बाकीची सेटिंगही केली. स्क्रीन वळवली. कागद धरून उजेड कमी केला. आता बरं आहे.

काल झीनतला घेऊन गड्ड्याच्या यात्रेत गेलो होतो. यंदा रोषणाई काय सांगू! पाळण्याचा एकेक दिवा परातीएवढा फुललेला, भोवती रंगाची कडी. झीनतला म्हटलं, यंदा दिवे नवीन दिसतात. ती म्हणाली, "असतील." तिला भजी खायची घाई होती.

मोराची चादर अजून माझ्याच टेबलावर आहे. दुरुस्त करून देतो म्हणून सांगितलंय.

तुझा मामू


पुणे
३० जानेवारी २०२५

प्रिय मामू,

सलाम. तक्ता मिळाला, मुमानींचे आकडे किती सुबक! पण मामू, एक घोटाळा झालाय. पांढऱ्या पानाला तुम्ही सरासरी तीन मिनिटं दहा सेकंद आणि अकरा चुका लिहिल्यात. काळ्या पानाला दोन मिनिटं पाच सेकंद आणि दोन चुका. माझ्याकडं बासष्ट माणसांचे तक्ते आहेत, एवढा फरक कुणाचाच नाही, आणि असलाच तर उलटा आहे. मला वाटतं तुम्ही रकाने उलटे भरले. किंवा काळं पान आवडलं म्हणून मुमानींनी थोडी सूट दिली. दिली असेल तर मी रागावणार नाही, खरंच.

माझे साहेब म्हणतात, हा तक्ता बाजूला काढू. मीही म्हटलं, ठीक आहे, वयस्कर आहेत, गोंधळ झाला असेल. पण तुम्ही एकदा सांगा, रकाने उलटे झाले का?

फिल्टर बंद केलात ना? मोराचं काय झालं?

तुमची
सबिहा


सोलापूर
४ फेब्रुवारी २०२५

सबिहा,

पत्र पोचलं.

रकाने उलटे झालेले नाहीत. वरती पांढरं, खालती काळं, झीनतनं पट्टीनं रेघ मारून लिहिलंय. आणि तुझी मुमानी कुणाला सूट देत नाही, मला तर नाहीच नाही. पस्तीस वर्षांत एका पैची दिली नाही.

एकेका चादरीत लाखभर चौकोन असतात. त्यातला एक चुकला तर गादीवर झोपणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना टोचतो. ते सगळे चौकोन मी डोळ्यांत तेल घालून भरले, आणि तू तुझ्या साहेबांना सांगतेस की म्हातारा गोंधळला. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. तुला तर चौकोन मोजायला मीच शिकवलं.

तुझा टॅब परत पाठवतोय. नीट गुंडाळलाय, काच फुटणार नाही.

इलाहीबक्ष


पुणे
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय मामू,

मला माफ करा. हे पत्र चार वेळा फाडून लिहितेय.

त्या पत्रानंतर मला झोप लागेना. तुम्ही खोटं लिहिणार नाही हे मला जन्मापासून माहीत आहे, तरी मी बाकीच्यांचे आकडे खरे मानले आणि माणूस खोटा. मग मी उलट्या बाजूनं विचार केला. समजा, तक्ता बरोबर आहे. तर असं वाचन कुणाचं होईल? आमच्या विषयातलं हे जुनं ज्ञान आहे मामू, मी शिकले आहे, परीक्षेत लिहिलंय आणि घरच्या माणसापाशी आल्यावर विसरले. ज्याच्या डोळ्यातलं भिंग गढूळ होत चाललंय, त्याला पांढरं पान अंगावर येतं. पानाचा सगळा उजेड त्या गढूळपणात पसरतो आणि अक्षरं धुऊन जातात. काळ्या पानावर उजेडच थोडा, म्हणून अक्षर दिसतं.

मग तुमचं गड्ड्याचं पत्र परत काढलं. परातीएवढे दिवे, भोवती रंगाची कडी. मामू, मी आमच्या तिथल्या मैत्रिणीला फोन केला, दीपमाळ तीच, पाळणे तेच, दिवेही तेच. दिवे नवीन नव्हते.

मला वाटतं तुम्हाला मोतीबिंदू आहे. आणि तो पिकत आला की डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं. म्हणजे मलई आणि पांढरा एकच. निळा मळका. मला एकच गोष्ट खरी सांगा. मी सांगितला तो पिवळा फिल्टर तुम्ही बंद केलात तेव्हा स्क्रीनवर फरक पडला का?

साहेबांना मी सांगितलं, तो तक्ता आमच्या सगळ्या तक्त्यांत सर्वांत खरा आहे. तो परत आत घेतलाय.

हल्ली ऑपरेशन वीस मिनिटांचं असतं. तुम्ही म्हणाल त्या दिवशी मी येते.

तुमचीच
सबिहा


सोलापूर
२७ फेब्रुवारी २०२५

सबिहा बेटी,

दुवा. माझा राग गेलाय. तो मुळात दोनच दिवस होता, पत्र टाकल्यावर पोस्टाच्या पेटीपाशीच पस्तावलो होतो. पेटीत हात जात नाही म्हणून राहिलं.

डोळ्यांचं एवढं मनावर घेऊ नकोस. या वयात थोडंफार होतं. रविवारपासून रोजे आहेत, रोज्यात डोळ्यांत औषधाचे थेंब वगैरे नको वाटतं. ईदनंतर बघू. झीनत शीरखुर्म्याचे खजूर आत्तापासून निवडतेय. नवी पेठेत काय गर्दी म्हणून सांगू, रिक्षा सोडून चालत यावं लागलं.

तू ईदला ये.

तुझा मामू


पुणे
६ मार्च २०२५

प्रिय मामू,

रमजान मुबारक. तुमचं पत्र दोनदा वाचलं. खजूर आहेत, नवी पेठ आहे, माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही.

आमच्या इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, महिन्याभरानं फार बिघडत नाही, पण वर्षानुवर्षं ठेवू नये. म्हणून ईदपर्यंत मी गप्प बसते. ईदला सुट्टी मिळत नाहीये, पण त्यानंतर गप्प बसणार नाही. मी कुणाच्या घरात वाढलेय ते तुम्हाला माहीत आहे.

कशाची भीती वाटते तेवढं तरी सांगा. मला नाही तर मुमानींना सांगा.

तुमची
सबिहा


सोलापूर
२ एप्रिल २०२५

सबिहा बेटी,

ईद मुबारक. तुझ्याविना शीरखुर्मा गोड लागला नाही असं लिहिलं तर झीनत कागद फाडेल, कारण गोड तिनं चांगलाच केला होता. पण तुझी वाटी भरून ठेवली होती, दुपारी मीच खाल्ली.

तू विचारलेलं आज सांगतो.

फिल्टर बंद करायला गेलो तेव्हा तो बंदच होता. पहिल्यापासून बंद होता. मालकांच्या मुलाला, नंदीशला, विचारून खात्री केली. त्याला म्हटलं, इथं पांढरा कसा दिसतो तुला? तो म्हणाला, "पांढरा दिसतोय की काका, दुधासारखा." मला तो चहाच्या बशीत सांडलेल्या चहासारखा दिसत होता. त्या क्षणी मला कळलं, सबिहा. त्याला पाठवून दिलं आणि स्क्रीन बंद करून बसलो. आणि तरी तुला लिहिलं, आता बरं आहे म्हणून. तू गोंधळलेला म्हटलंस त्याचा एवढा राग आला तो यामुळंच. खोटं पकडलं गेल्याचा होता.

तेव्हापासून मी रंग बघून भरत नाही. प्रत्येक रंगाला एक नंबर असतो, तो पाठ करून भरतो. मोर तसाच दुरुस्त केला. मालकांना वाटलं मी सुधारलो. पण मागच्या आठवड्यात बघितलं, माझी फाईल विणायला जायच्या आधी शेजारच्या खोलीत एक नवीन मुलगी उघडून तपासते. विजयमाला नाव. बिचारी फार अदबीनं वागते, माझ्यासमोर फाईल उघडत नाही. मालकांनी मला काढलं नाही, कमी केलं नाही, फक्त माझ्या डोळ्यांवर दुसरे डोळे ठेवले. हे मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

भीती विचारलीस. आमच्या अब्बांचा डोळा असाच ऑपरेशननंतर गेला होता, चाळीस वर्षांपूर्वी. पट्टी काढली आणि ते म्हणाले, "अजून बांधलेलीच आहे का?" मी शेजारी उभा होतो. आता वीस मिनिटांचं काम म्हणतेस, मला पटतंही. पण अब्बा विणकर होते, हातानं सूत चाचपून भागवायचे. मला रंग चाचपता येत नाही. आत्ता निदान गढूळ का होईना दिसतंय. तेही गेलं तर मी कोण राहिलो?

लिहून टाकलं, हलकं वाटतंय. झीनतला यातलं काही माहीत नाही. तिच्या जीवाला घोर नको.

तुझा मामू


पुणे
७ एप्रिल २०२५

प्रिय मामू,

पत्र वाचून ऑफिसच्या जिन्यात बसून रडले, मग तोंड धुऊन रजेचा अर्ज दिला.

मी बुधवारी सोळाला सकाळी पोचते. सतराला डोळा, एकच, डावा. उजवा तसाच राहील. म्हणजे काही झालंच, आणि होणार नाही, तरी आत्ता जेवढं दिसतं तेवढं उजव्यात राहतंच. सोलापूरच्या डॉक्टरांना मी फोनवर तुमच्या अब्बांचं सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, तपासणीला त्यांनाच हे परत विचारू दे, मी उत्तर देईन. मला तो माणूस आवडला.

तुम्ही कोण राहाल म्हणता? मामू, मी आज रंगांचं काम करते ते तुम्ही मला बारा पेन्सिलींचा डबा देऊन, निळा आणि जांभळा यांतला फरक सांगता येईपर्यंत उठू दिलं नाहीत म्हणून. ते डोळ्यात नव्हतं, ते तुमच्यात होतं.

पट्टी काढताना मी शेजारी उभी राहीन. मुमानींना मात्र तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही.

तुमची
सबिहा


सोलापूर
२९ एप्रिल २०२५

सबिहा बेटी,

तू अठराच्या संध्याकाळी गेलीस, त्यानंतरचं आता निवांत लिहितो. पट्टी काढली तेव्हा मी तुझा हात किती जोरात धरला होता, वळ गेला का? मी पहिल्यांदा डॉक्टरांच्या शर्टाचं बटण बघितलं आणि तू ओरडलीस, "माझ्याकडं बघा की!"

आठ दिवस काळा गॉगल लावून घरात बसलो. मग एक खेळ सुरू केला. डावा डोळा झाकायचा, भिंत बघायची. उजवा झाकायचा, परत तीच भिंत. एकानं पांढरी, एकानं चहात बुडवलेली. एवढी वर्षं मी त्या चहातून जग बघत होतो आणि भांडत होतो कॉम्प्युटरशी.

काल कारखान्यात गेलो. मालकांना सगळं सांगितलं, मोरापासून नंबर पाठ करण्यापर्यंत. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली. मग म्हणाले, "इलाहीभाई, तुमी आदीच बोलायचं की हो. आमी काय परके हाय काय?" मग विजयमालाला मी स्वतःच माझ्या शेजारी बसायला बोलावलं. गेल्या तीन वर्षांतल्या माझ्या चादरी आम्ही दोघांनी काढून बघितल्या. काय भडक निळा भरलाय गं मी! माझ्या डोळ्याला मळका दिसायचा म्हणून मी आणखी ओतत गेलो. मान वर करवेना. विजयमाला म्हणाली, "सर, पण ह्याच सगळ्यात जास्त खपल्यात." आता यावर काय बोलायचं, तुझ्या साहेबांना विचार. मी तर यापुढं डोळ्याला पटेल तोच निळा भरणार.

झीनतला ऑपरेशनच्या आदल्या रात्री सांगितलं होतं ते तुला माहीतच आहे. तिनं नुसती मान हलवली होती, मला वाटलं घाबरलीय म्हणून बोलत नाही.

गेल्या शुक्रवारी ती डोकं धुऊन गच्चीवर केस वाळवत बसली होती. एरवी डोक्यावरून ओढणी असते. मी वाळलेले कपडे काढायला वर गेलो आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबलो. केस पांढरेफेक. एक काळा नाही, मेंदीचा लाल तर नाहीच. माझ्या हिशेबी ती दर महिन्याला मेंदी लावत होती.

मी म्हटलं, "झीनत, हे कधी झालं?"

"काय?"

"केस."

ती केस झटकत राहिली. म्हणाली, "तीन वर्सं झाली मेंदी सोडून. हात दुखायचे म्हणून एक महिना राहिली. म्हटलं, आता तुमी बोलणार. तुमी बोललाच नाही. दुसऱ्या महिन्यात मुद्दाम समोर येऊन बसले, तरी नाही. तवा कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"आदी वाटलं, तुमाला सोताला कळंल. मग तुमी एवढं जपून लपवायला लागला. मी कशाला मोडू? तुमाला वाटत होतं मला घोर नको. मला वाटत होतं तुमाला लाज नको."

तुझ्या परीक्षेच्या वेळी घड्याळ हातात धरून ती बोट दुमडत होती तेव्हा एकेक चूक तिला आधीच ठाऊक होती, सबिहा. रेघ मारून सगळ्या लिहिल्या तिनं, एकही झाकली नाही. तुझ्यापर्यंत पोचावं म्हणूनच असेल.

मग ती म्हणाली, "आता दिसतंय तर संध्याकाळी मेंदी घेऊन या. चांगली बघून आणा, परत नावं ठेवाल."

मी म्हटलं, "नको. तीन वर्षांचं बघायचं राहिलंय."

तिनं ओढणी डोक्यावर घेतली नाही. मी तिथंच पायरीवर बसलो, ऊन चढेपर्यंत. खाली उतरल्यावर दवाखान्यात फोन केला आणि उजव्या डोळ्याची तारीख मागून घेतली.

तुझा मामू
इलाहीबक्ष